चूक असेल तर सांगा

"मज नंबू नका. पाह्यून घ्या."

रायरांच्या तोंडचं माझ्या लक्षात राहिलेलं हे पहिलं वाक्य. नंबणं म्हणजे विश्वास ठेवणं. शब्द तमिळ आहे, पण आमच्या तंजावरच्या मराठीत तो इतका मुरला आहे की त्याला परका म्हटलं तर आमची म्हातारी माणसं भांडायला उठतील.

मी वीज खात्यात मीटर वाचते. दर दोन महिन्यांनी घरोघर जायचं, मीटरवरचा आकडा बघायचा, घरच्यांच्या कार्डावर लिहायचा आणि पुढचं दार गाठायचं. मला दारात पाहिलं की लोक दोनच गोष्टी करतात. कुत्रा बांधतात किंवा पंखा बंद करतात. दोन महिने फिरलेला पंखा त्या दोन मिनिटांत बंद करून काय वाचतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

रायरांनी यातलं काही केलं नाही. मेल वीदीच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्याच्या, मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा ते आधीच मीटरपाशी वही घेऊन उभे. नेसलेली पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा खिशात. म्हणाले, "मागचं रीडिंग चार हजार दोनशे एकवीस." मी उन्हातून आलेली. त्यांनी सांगितला तोच आकडा धरून वजाबाकी करायला लागले.

"कार्ड पाह्यलं नाही तुम्ही," ते म्हणाले.

कार्डावर चार हजार दोनशे बारा होतं. नऊ युनिटं त्यांनी मुद्दाम चढवून सांगितली होती. मी तसंच लिहिलं असतं तर वापर नऊनं कमी दिसून फायदा त्यांचाच होता. माझं डोकं फिरलं. म्हणाले, "रायर, मज अंकीन साठ घरं करायची अहेत. परीक्षा घ्यायची हौस असली तर शाळेत जा." ते रागावले नाहीत. आत जाऊन ताकाचा पेला घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि ते वरचं वाक्य म्हणाले.

रायर हे काही त्यांचं नाव नव्हे. इथली तमिळ माणसं आम्हा मराठी घरांतल्या पुरुषांना रायर म्हणतात, आणि म्हणता म्हणता आम्हीही एकमेकांना तसंच म्हणायला लागलो. कार्डावर त्यांचं पूर्ण नाव होतं आणि ते मी कित्येक वर्षं वाचलं, पण इथं लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं, किंवा आवडलं असतं. विचारायचं राहून गेलं.

त्यांची बायको वारली होती. मुलगा सिंगापुरात, सून तेलुगू, नातवंडांना मराठी कळायचं पण बोलता येत नव्हतं. एकदा ताक देताना ते सहज म्हणाले, "तुम्ही येता तेव्हाच मराठी बोलतो मे. नाही तर मराठीत बोलायला कोण अहे." मी मनातल्या मनात हिशेब केला. दोन महिन्यांत दहा मिनिटं. तेव्हापासून मी त्यांच्या घरी पाच मिनिटं जास्त बसायला लागले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी नऊ वर्षं सोलापुरात काढली म्हणून मला हे देवनागरीत लिहिता येतं आहे. रायरांना देवनागरी वाचता येत नव्हती. म्हणजे हे मी त्यांच्या हयातीत लिहिलं असतं तरी त्यांना ताडून बघता आलं नसतं, आणि ते त्यांना मुळीच खपलं नसतं.

आमच्या ऑफिसात त्यांची ख्याती मात्र वेगळ्याच कारणानं झाली. एके दिवशी ते स्वतः अर्ज घेऊन आले की माझ्या मागच्या खोलीला वेगळा मीटर द्या आणि धंद्याच्या दरानं बिल लावा. आता तुम्हीच सांगा, आजवर कोणी असा अर्ज केलेला ऐकला आहे का? दुकानं चालवणारी माणसं घरगुती दर मिळावा म्हणून दुकानात खाट टाकतात. आमच्या क्लार्कनं अर्ज उलटा करून पाहिला, मागे काही फसवणूक आहे का म्हणून.

"धंदा कसला?" त्यानं विचारलं.

"मायनिंग."

क्लार्कनं माझ्याकडे पाहिलं. तंजावरात भात पिकतो. खाण असलीच तर वाळूची, तीही नदीत आणि चोरून. रायर शांतपणे म्हणाले, "संगणकाचं. नाणं काढतो." खात्याच्या धंद्यांच्या यादीत असा धंदा नव्हता. क्लार्कनं त्यांना पीठगिरणी लिहून देऊ का विचारलं, दर तोच पडतो म्हणून. रायर अर्धा तास तिथंच उभे राहिले. "पीठ कुठं अहे माझ्याकडे? उद्या कोणी पाह्यला आलं तर?" शेवटी 'संगणक, इतर' असं लिहून घेतलं तेव्हाच ते हलले.

हे नाणं म्हणजे काय ते त्यांनी मला निदान सहा वेळा समजावलं, त्यातलं मला कळलं ते सांगते. नाण्याचं नाव 'पडी'. पडी म्हणजे आमच्याकडचं धान्याचं जुनं माप. चेन्नई, कोइंबतूर, मलेशिया, सिंगापूर, कुठं कुठं विखुरलेल्या काहीशे तमिळ लोकांनी मिळून हे काढलं होतं. बँक नाही, मालक नाही, सगळं संगणकावर. एकमेकांची छोटी कामं करायची आणि पडीत पैसे द्यायचे. कोणी भाषांतर करून द्यायचं, कोणी मुलांना गणित शिकवायचं. या सगळ्यांच्या देण्याघेण्याची एकच वही, आणि ती वही प्रत्येकाच्या घरी. तिची पानं भरण्याचं काम यंत्रं करतात. यंत्र रात्रंदिवस कसलंतरी अवघड गणित सोडवतं, सुटलं की एक पान पक्कं होतं, आणि पान भरणाऱ्याला थोडी नवी पडी मिळते. हेच ते मायनिंग. यंत्रं थांबली तर पान भरत नाही, आणि पान भरलं नाही तर कोणाचेच पैसे जागचे हलत नाहीत.

रायरांच्या मागच्या खोलीत अशी दोन यंत्रं होती. आवाज इडलीच्या पिठाच्या ग्राइंडरसारखा, फक्त हा कधी थांबायचा नाही. मागच्या बाजूनं गरम वारा असा यायचा की पदर भाजावा. त्या वाऱ्यासमोर त्यांनी जाळीच्या चौकटी लावल्या होत्या आणि त्यांवर ताकात मुरवलेल्या मिरच्या वाळत असायच्या. पावसाळ्यातसुद्धा त्यांच्या घरच्या मिरच्या कडकडीत. गल्लीतल्या बायका आपले वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, आणून द्यायच्या, ते उलटेपालटे करून, मोजून, पिशवीवर आकडा लिहून परत करायचे. "एकशे चौदा दिले, एकशे चौदा घ्या. मोजून घ्या." एकही बाई मोजून घेत नसे. रायर दारात उभे राहून तिला पाठमोरी जाताना बघत राहायचे.

माणूस एवढा मोजणीच्या मागे का लागतो, हे मला नंतर कळलं. त्यांनी स्वतःच सांगितलं, एका उन्हाळ्यात, वीज गेल्यामुळे यंत्रं थांबली होती आणि घरात कधी नव्हे ती शांतता होती म्हणून.

तरुणपणी ते पापनाशमला एका खासगी चिट फंडात, म्हणजे भिशीच्या कंपनीत, कॅशियर होते. दर महिन्याला लोकांनी हप्ता भरायचा, पाळीपाळीनं एकेकानं मोठी रक्कम उचलायची. मालक बाहेरगावचा. लोक पैसे भरायचे ते रायरांच्या तोंडाकडे पाहून. रायरांची आत्या, रायरांचे शाळेतले मास्तर, स्टेशनासमोर फुलं विकणारी बाई. पासबुकात काय लिहिलं ते कोणी उघडून बघत नसे. "रायर अहेत की," म्हणायचे. एका सोमवारी मालक पळाला. रायरांनी एका पैशाला हात लावला नव्हता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी फुलवाली बाई कंपनीसमोर येऊन त्यांना एवढंच म्हणाली, "मी तुमच्याकडे बघून भरले."

"तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," रायर म्हणाले. मग वीज आली, यंत्रं सुरू झाली, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

पडी त्यांना एवढी प्रिय का होती ते यावरून तुमच्या लक्षात येईल. जिथं कोणीच कोणाच्या तोंडाकडे पाहून पैसे देत नाही, जो तो वही उघडून बघतो, अशी एक जागा त्यांना म्हातारपणी सापडली होती. श्रीमंत व्हायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. वीस-पंचवीस जणांनी आपापली यंत्रं एकत्र जोडली होती, मिळेल ती पडी कामाच्या प्रमाणात वाटून घ्यायची, आणि ती वाटणी रायर करायचे. दर शुक्रवारी पडीवाल्या सगळ्यांच्या ग्रुपवर यादी टाकायचे. कोणाच्या यंत्रानं किती काम केलं, कोणाला किती मिळालं. खाली एक ओळ असायची: चूक असेल तर सांगा.

आणि महिन्यातून एकदा ते यादीत जाणूनबुजून चूक करायचे. कोणाला तरी स्वतःच्या वाट्यातलं थोडं जास्त, कोणाला कमी. पकडेल त्याला बक्षीस. सुरुवातीला दहा मिनिटांत पाच जण धावून यायचे. रायरांना घाम पुसायला वेळ नसे इतके ते खूश. मला फोनवर दाखवायचे, "पाह्या, ही मलेशियाची. तीन मिनिटांत पकडलं. पोरगी अहे, कॉलेजात शिकते." मग पंधरा मिनिटं लागायला लागली, मग दिवस. एकदा मी गेले तर ते यादीकडे पाहत बसलेले. चार आठवडे झाले होते आणि कोणीही चूक दाखवली नव्हती. सगळ्यांनी फक्त अंगठ्याचं चिन्ह टाकलं होतं.

"भरवसा वाढला तुमच्यावर," मी म्हणाले.

"तेच तर," ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी मला ग्रुपमध्ये घेतलं. "तुम्ही आकडे पाह्यता. तुमच्यासारखं कोणीतरी पाह्यजे." मी घरी जाईपर्यंत फोन तेरा वेळा वाजला. मी ग्रुप म्यूट केला. तुम्हीही असे दहा-वीस ग्रुप म्यूट केले असतील, तेव्हा मला दोष देण्याआधी आपला फोन बघा.

पडीचा भाव पडत गेला. का पडला हे रायरही नीट सांगू शकत नसत. लोक मोठ्या नाण्यांकडे गेले, काही मजा संपली म्हणून गेले. एका पानाला जेवढी वीज जळायची तेवढ्या किमतीची पडी मिळेनाशी झाली. ज्यांना हिशेब येतो त्यांनी यंत्रं बंद केली. पंचवीसचे बारा झाले, बाराचे चार, मग मलेशियाची मुलगी परीक्षा आहे म्हणून गेली आणि रायर एकटे उरले. मी त्यांचं दुसऱ्या मीटरचं बिल लिहायचे, त्यामुळे त्यांना महिन्याला केवढ्याला पडतं ते मला दिसत होतं. पेन्शन नसलेल्या माणसाला ते परवडणारं नव्हतं.

"बंद करा की, रायर," मी म्हणाले. "हातात काय येतं अहे? मिरच्या."

"लोकांची पडी अहे वहीत अजून. मे थांबलो तर ती तिथंच अडकंल. त्यांना काढून घेऊ दे. मग बंद करतो."

आता यात एक गोम होती, आणि ती त्यांना माझ्यापेक्षा फार आधी कळली होती. पानं भरणारे पुष्कळ असतात तेव्हा कोणा एकाला मागचं पान बदलता येत नाही. बाकीचे मान्य करत नाहीत. भरणारा एकच असला की तो म्हणेल ती वही. कोणालाही कोणावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून ज्यांनी हा खटाटोप मांडला, त्या सगळ्यांचं आता मेल वीदीमागच्या एका म्हाताऱ्याच्या सचोटीवर चाललं होतं. रायर हे बोलून दाखवायचे तेव्हा त्यांचा चेहरा उतरायचा. पापनाशमहून इतक्या लांब येऊन ते पुन्हा त्याच खुर्चीत बसले होते.

मग वीणेच्या बाईंचं ते झालं. योगायोगानं मी तिथंच होते.

या बाई तिरुवैयारुच्या, आपल्याच मराठी लोकांतल्या. परदेशातल्या मुलींना फोनवरून वीणा शिकवायच्या. चार वर्षं त्यांनी फी पडीत घेतली होती, रायरांनीच तो मार्ग दाखवला म्हणून. त्यांचं भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं होतं. नव्या घराला दहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स द्यायचं होतं, आमच्याकडे तशीच रीत आहे. पडी देऊन रुपये मिळण्याचा एकच बाजार उरला होता आणि तोही महिनाअखेर बंद होणार होता. बाईंनी सगळी पडी त्या बाजारातल्या आपल्या खात्यावर पाठवली. ती पोचलीच नाही.

या खात्यांचे पत्ते लांबलचक असतात, अक्षरं आणि आकड्यांची नुसती खिचडी. सगळा पत्ता कोणी वाचत नाही. पहिली चार अक्षरं पाहायची, शेवटची चार पाहायची, जुळली की पाठवायचं, अशी या लोकांत पद्धत. ठकांना ती पद्धत माहीत असते. तुमच्या पत्त्यासारखीच पहिली चार आणि शेवटची चार असलेला पत्ता ते बनवतात आणि त्यावरून तुम्हाला किरकोळ काहीतरी पाठवून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही जुन्या यादीतून पत्ता उचलता, चार आणि चार जुळवता आणि निर्धास्त होता. बाईंनी तेच केलं होतं.

त्या टाउन बसनं आल्या होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सांगितलं तसंच पाह्यलं मे. पहिली चार, शेवटची चार."

रायर उठले. आत जाऊन त्यांनी संगणकावर पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, पडी ठकाच्या पत्त्यावर पडून आहे, त्यानं अजून हलवलेली नाही. माझ्याजवळची तेवढीच मी तुम्हाला देतो.

"तुमचं मज नको," बाई म्हणाल्या. "मे दान घ्यायला आले नाही. माझं गेलं, ते सांगायला आले." कॉफी घेऊन त्या उठल्या. पायरीवरून उतरताना त्यांनी विचारलं, "पुसता येत नाही का ते?"

"लिहिलं ते लिहिलं," रायर म्हणाले.

त्या गेल्यावर मी न राहवून बोलले. "तिथं तुमच्याशिवाय कोण अहे आता? पुसून टाका. कोणाला कळणार अहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलून चालू लागले. त्या दिवशी ते मला मोजून घ्या, पाह्यून घ्या, काही म्हणाले नाहीत.

दोन महिन्यांनी गेले तर यंत्रं चालूच होती. बाजार बंद झाला होता, लोक पडी काढून घेऊन गेले होते, तरी यंत्रं चालू. रायर बारीक झाले होते. बाईंचं काय झालं मी विचारलं. "नवीन घरी गेली," एवढंच म्हणाले. मला वाटलं, कोणी नातेवाइकानं मदत केली असेल. त्या दिवशी माझी त्र्याहत्तर घरं झाली होती आणि चपलेचा अंगठा तुटला होता.

"अम्मा," ते म्हणाले, "ग्रुप पाह्यलात का?"

"पाह्यले की," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि काय. बरं चाललं अहे की सगळं."

त्यांनी मान हलवली. मी ताक प्यायले, बाहेर पडले. खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंही नाही. जेवलात का विचारल्यावर हो म्हणतो, तसलं ते. खरं तर मी तो ग्रुप एकदाही उघडला नव्हता.

पुढच्या खेपेला दाराला कुलूप होतं. समोरच्या घरातल्या बाईनं मला सांगितलं, रायर गेले, तीन आठवडे झाले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दार ठोठावलं तेव्हा कळलं. मुलगा आला, सगळं केलं, यंत्रं भंगारात दिली आणि परत गेला. माझे वडाम त्यांच्याकडेच राहिले, असंही ती म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटलं.

मीटर बाहेरच्या भिंतीवर होते. मी दोन्ही वाचले. घरचा मीटर थोडा फिरला होता. मागच्या खोलीचा मीटर माझ्या मागच्या भेटीनंतर चारच दिवस चालून थांबला होता, एवढा हिशेब मला येतो. म्हणजे यंत्रं त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती, मरण्याच्या महिनाभर आधी. का, ते बघायला मी त्यांच्या तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर, बसले आणि पहिल्यांदा तो ग्रुप उघडला.

बाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचा मजकूर होता. तमिळमध्ये, लांबलचक, एकेक गोष्ट सुटी करून लिहिलेला. त्याचा अर्थ असा: आज सकाळी मी वहीची शेवटची एकोणीस पानं काढून टाकली आणि पुन्हा लिहिली. जुन्या पानांत एका सदस्य बाईंचे पैसे ठकाच्या पत्त्यावर गेले होते. बाईंना फोनवर सांगून तेच पैसे पाठवायची नवी चिठ्ठी मी त्यांच्याकडून बरोबर पत्त्यावर करून घेतली आणि नव्या पानात ती आधी चढवली. त्या एकोणीस पानांत दुसऱ्या कोणाचाही व्यवहार नव्हता. जुनी आणि नवी पानं सोबत जोडली आहेत, ताडून बघा. चार आणि चार अक्षरं बघायला त्यांना मी शिकवलं होतं. तरी हे करण्याचा मला अधिकार नव्हता. तुमच्यातल्या एकानंही नको म्हटलं तर मी जुनी पानं परत लावीन आणि बाईंना स्वतः जाऊन सांगेन.

खाली काही नव्हतं. अंगठासुद्धा नव्हता.

आठ दिवसांनी: कोणी काही म्हणालं नाही. वाचलं नसेल, म्हणून पुन्हा टाकतो. पुन्हा तोच मजकूर, तीच पानं. त्यानंतर दर शुक्रवारी तेच. पूर्वी ज्या दिवशी यादी टाकायचे त्या दिवशी. बाईंचे रुपये मिळाल्याचं एका शुक्रवारी लिहिलं होतं, पण हरकत असेल तर अजूनही सांगा, मी भरपाई करीन, असंही लिहिलं होतं.

शेवटचा मोठा मजकूर मी मागच्या खेपेला गेले होते त्या दिवसाचा होता. आज एका सदस्याला समोरासमोर विचारलं. पाहिलं म्हणाली. तिनं पाहिलेलं नाही. तिला बोल लावत नाही, ती फार दमून आली होती. एकच माणूस लिहितो आणि दुसरं कोणी वाचत नाही, त्या वहीला वही म्हणता येत नाही. शुक्रवारी सकाळी दहा वाजता यंत्रं बंद करतो. त्याआधी कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

आणि शुक्रवारी, दहा वाजून दोन मिनिटांनी: बंद केलं.

त्या शुक्रवारी दहा वाजता मी कुठं होते ते माझ्या ड्यूटी रजिस्टरात आहे. पलीकडच्याच गल्लीत. दोन मिनिटं चालले असते तर पोचले असते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. समोरची बाई आत गेली. मला स्वतःचा राग येत होता, त्या अंगठे टाकणाऱ्या शेकडो लोकांचा येत होता आणि थोडा रायरांचाही. पापनाशमच्या फुलवालीनं न दिलेल्या शिव्यांची वाट बघत हा माणूस दोन महिने बसला होता, आणि मी त्याच्या दारात ताक पिऊन गेले होते.

उरलेली घरं मी त्या दिवशी केली नाहीत. तिथंच बसून रायरांनी जोडलेली पानं उघडली. एकोणीस जुनी, एकोणीस नवी. त्यातलं सगळं मला कळलं असं म्हणणार नाही, पण आकडे कळतात. बाईंचा तो लांबलचक पत्ता मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट ठेवून वाचला. जुन्या पानातला वेगळा होता, नव्यातला बरोबर होता. बाकी ओळी पान भरल्याच्या पडीच्या, त्या जशाच्या तशा होत्या. रायरांनी स्वतःच्या नावावर एक पडीसुद्धा जास्तीची चढवलेली नव्हती. ऊन पायरीवर येईपर्यंत मला वेळ लागला.

मग त्यांच्या मजकुराखाली मी तमिळमध्ये लिहिलं, ते असं: रायर, एकोणीस पानं पाहिली. बाईंचे पैसे त्यांना मिळाले हे ठीक. पण वही सगळ्यांची होती. आम्हाला न विचारता तुम्ही ती का बदललीत?

खाली माझं नाव घातलं आणि पाठवलं. त्याला आता पाच महिने झाले. दर शुक्रवारी मी उघडून बघते. अजून कोणी काही लिहिलेलं नाही.